झालेसर

आमच्या सरांचं खरं नाव उत्तमराव गावंडे. अमरावतीत या नावानं चौकशी केली तर लोक आधी 'कोणते गावंडे' असं विचारतात. झालेसर म्हटलं की थेट घर दाखवतात. हे नाव शाळेतल्या पोरांनी पाडलेलं नाही. ते इंटरनेटवर पडलं आणि पाडणाऱ्यांत मीही होतो. तेव्हा ते लाडाचं होतं.

सरांच्या पंच्याहत्तरीचा गौरवग्रंथ निघतो आहे. त्यात संघपाल तायडे, म्हणजे मी, सरांचा जुना विद्यार्थी, मुक्काम जठारपेठ, अकोला, यानं चार शब्द लिहावेत असा निरोप आला. गोड लिहा असं कुणी सांगितलं नाही, पण गौरवग्रंथात कडू लिहीत नाहीत एवढी अक्कल मला आहे. तरीही मी हो म्हटलं. का म्हटलं, ते पुढे कळेल.

आधी सरांचं जे चांगलं आहे ते सांगतो, कारण ते खरं आहे. सर मराठी शिकवत आणि व्याकरण तर असं शिकवत की मागच्या बाकावरची पोरंही खिडकीबाहेरची नजर आत वळवायची. एकदा त्यांनी फळ्यावर एकच शब्द लिहिला, 'उजाडलं'. मग विचारलं, "कोणी उजाडलं?"

"सूर्यानं, सर!" सगळे ओरडलो.

"सूर्य आहे का वाक्यात? दाखवा मला. नाही ना? मग त्याला कशाला मधी ओढता? उजाडलं. सांजावलं. गडगडलं. इथं करणारा कोणी नसतो, लेकहो. गोष्ट आपली आपण होते."

मला ते फार आवडलं होतं. करणाऱ्याशिवायही वाक्य उभं राहतं याची गंमत वाटली होती. मी आसरखेडचा, वलगावच्या पुढचं गाव, वडील देवमन तायडे दुसऱ्याच्या शेतात सालदार. अमरावतीच्या वसतिगृहात राहून शिकत होतो आणि वाचताना पाण्याला 'पानी' म्हणत होतो. वर्ग हसला की सर वर्गावर खेकसत. मला म्हणाले, "घरी पानीच म्हण, पेपरात पाणी लिही. दोन्ही तुझंच आहे." एवढं एक वाक्य गाठीला बांधून मी पुढची परीक्षा दिली, नोकरी धरली, आज पोस्टात अधिकारी आहे. सरांचे हे उपकार मी नाकारत नाही. नाकारता येत असते तर हा लेख सोपा गेला असता.

निवृत्त झाल्यावर सरांना करमेना. शेजारच्या पोरानं त्यांना तो ऑनलाइन ज्ञानकोश दाखवला, जिथे कुणीही लिहावं आणि कुणीही खोडावं. सर त्यात मान घालून बसले ते बसलेच. आधी ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले, मग लेख लिहिले आणि मग त्यांना त्यांचं खरं काम सापडलं. ते म्हणजे भांडणं मिटवणं. तिथे भांडणं फार. प्रत्येक लेखाच्या मागे एक चर्चापान असतं आणि पुढच्या पानावर जितकी सभ्यता तितकी मागच्या पानावर शिवीगाळ. एकानं लिहायचं, दुसऱ्यानं उलटवायचं, पहिल्यानं पुन्हा आणायचं. अशा ठिकाणी सरांना बोलावणं येऊ लागलं, कारण सर कुणावर आवाज चढवत नसत आणि सरांनी केलेलं वाक्य टिकत असे.

सांबारवडीचं प्रकरण तर गाजलं होतं. आपल्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे नागपूर-अमरावतीकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पुण्याच्या एका सद्गृहस्थांना ठाऊक नव्हतं. त्यांनी लिहिलं की सांबार म्हणजे इडलीबरोबरची आमटी, तिची वडी होऊच शकत नाही, सबब हे नाव चूक. अकोल्याच्या एकानं ते उडवून त्यांना सांबर या जनावराचा फोटो पाठवला. आठ दिवस एकमेकांच्या गावाचा उद्धार चालला. शेवटी सर आले आणि त्यांनी लिहिलं, 'या वडीच्या सारणात हिरवी पानं घातली जातात.' कसली पानं, ते ज्याचं त्यानं समजावं. दोघंही गप्प झाले. आता त्या लेखावरून कुणी पालकाची वडी केली तर तोही बरोबर.

सरांची रीत तुमच्या लक्षात आली असेल. भांडण नेहमी कर्त्यावरून असतं, असं त्यांचं मत. कुणी केलं, कुणी बांधलं, कुणी आणलं. तेव्हा कर्ताच काढून टाकायचा. दोन पुढारी एका पुलासाठी भांडत होते, सरांनी लिहिलं, 'पूल झाला.' देवळाला जमीन दिल्याचा दोन घराण्यांचा दावा होता, सरांनी लिहिलं, 'मंदिर उभं राहिलं.' शाळा सुरू झाली, तलावाचं काम पूर्ण झालं, पुतळ्याचं अनावरण झालं. आम्ही दहा-बाराजण अकोला, अमरावती, बडनेऱ्याकडून लिहीत होतो, आम्हीच त्यांना झालेसर म्हणू लागलो. सरांना नाव आवडलं. सरांच्या पत्नी आशाबाई मात्र एकदा चहा देताना म्हणाल्या होत्या, "यायचं घरीही असंच हाये बाप्पा. यायच्या हातून कप पडला तं कप फुटला म्हनते. माह्या हातून पडला तं तू फोडला म्हनते." सर मनापासून हसले होते. मीही हसलो होतो.

सरांच्याच आग्रहावरून मी आसरखेडचं पान लिहिलं. लोकसंख्या, नदी, पिकं, गावची जत्रा. आणि त्यात एक वाक्य लिहिलं, '१९३५ साली गयाबाई तायडे यांनी गावच्या विहिरीवर पाणी भरून ती विहीर सर्वांसाठी खुली करून घेतली.' गयाबाई माझी आजी, वडिलांची आई. हे वाक्य लिहिताना काही मोठं केल्यासारखं मला वाटलं नव्हतं. आमच्या घरात ती गोष्ट मिठाच्या बरणीइतकी नेहमीची होती. एवढंच वाटलं की आजीचं नाव आजवर रेशनकार्डाशिवाय कुठं लिहिलं गेलं नाही, ते आता इथे राहील.

दुसऱ्याच दिवशी ते वाक्य बदललं. नवीन वाक्य होतं, '१९३५ साली गावचे पाटील नत्थुजी भुयार यांनी उदार मनाने विहीर सर्वांसाठी खुली करून दिली.' बदलणारा कुलदीप भुयार. नत्थुजी त्याचे पणजोबा. त्याचे वडील खुशालराव हे गावातल्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष आणि जिल्ह्यात वजन असलेले गृहस्थ.

करून घेतली आणि करून दिली. फरक एका क्रियापदाचा, पण घेतलेलं आणि दिलेलं यात काय फरक असतो, ते ज्याच्या घराण्याला कधी काही झगडून घ्यावं लागलं नाही त्याला कसं कळावं? मी माझं वाक्य परत आणलं. कुलदीपनं उलटवलं. मी आणलं, त्यानं उलटवलं. चौथ्या-पाचव्या खेपेला त्यानं एक स्रोतही जोडला, शाळेच्या रौप्यमहोत्सवाची स्मरणिका. ती छापली खुशालरावांच्या संस्थेनं. त्यातला लेख लिहिला खुशालरावांनी. पण ती छापील होती आणि ज्ञानकोशाला छापील लागतं. माझ्याकडे काय होतं? मी लिहिलं, माझी आई सांगते. कुलदीपनं लिहिलं, आई हा स्रोत होत नाही.

मग सरांना बोलावलं. बोलावलं मीच. मला वाटलं, सर आपले आहेत.

आईचे डोळे दाखवायला अमरावतीला जायचंच होतं, तर मी तिला सरांकडे नेलं. आई, म्हणजे इंदूबाई, आता पंच्याहत्तरीला टेकलेली, पण आवाज खणखणीत. गयाबाई तिची सासू. आईनं सोफ्याच्या कडेला बसून सगळं सांगितलं.

"आमची बुढी तवा नवी नवरी व्हती मास्तर. चैताचं ऊन. नाल्यातली आमच्या वस्तीची झिरी आटली व्हती. पाटलाच्या विहिरीवर आमच्यावालं कोनी जाये नाई, कोनी वाढलं तं वरतून घागरीत पानी वाढे, नाईतं बसा दिवसभर. बुढी गेली अन् सिध्धा दोर सोडला. नत्थुजी पाटील सोता आला. त्यानं बैलगाडीची उभारी, बाजूचा लाकडी दांडा, उपसली अन् हानली मनगटावर. हाड तुटल्याचा आवाज आला म्हने बुढी, वाळल्या काडीवानी. घागर विहिरीत गेली."

आईनं स्वतःचं मनगट पुढे करून ते कसं वाकडं होतं ते दाखवलं.

"दुसऱ्या दिवशी तेच बाई डाव्या हातानं दोर ओढाले गेली. मागं साऱ्या वस्तीच्या बाया. तिसऱ्याही दिवशी गेल्या. मंग तालुक्याहून फौजदार आला, तवा पाटील म्हने भरा बावा. हे त्याचं उदार मन. अन् बुढीनं जल्मभर भाकर थापली नाई, थापताच येये नाई. मी लगन होऊन आली तं मले म्हने, इंदे, भाकरी तू थाप, माह्या हातानं माह्या वाटची भाकर थापून ठेवली हाये विहिरीवर."

सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी पाहिलं. आशाबाई तर पदर लावून आत गेल्या. सरांनी चष्मा पुसला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "इंदूबाई, याचं कुठं छापील काही आहे का?"

आई म्हणाली, "मार खाल्ला तवा छापखाना संग नेला नव्हता मास्तर."

"तसं नाही. काही खूण, काही कागद?"

"खून मनगटाले व्हती. ते तं जाळलं आमी."

आम्ही निघताना त्यांनी आईला वाकून नमस्कार केला. परतीच्या गाडीत आई म्हणाली, "मानूस चांगला हाये." मलाही तसंच वाटलं.

आठवड्याभरात सरांचा निकाल आला. आसरखेडच्या पानावर नवीन वाक्य होतं, '१९३५ साली गावची विहीर सर्वांसाठी खुली झाली.' खाली पान कुलूपबंद केल्याची सूचना, म्हणजे आता ते कुणालाच बदलता येणार नव्हतं. कुलदीपनं चर्चापानावर हात जोडल्याचं चित्र टाकून 'धन्यवाद सर' लिहिलं.

मी फोन केला. "सर, हे काय?"

"संघपाल, तू तुझ्या आजीबद्दल लिहितोस, तो त्याच्या पणजोबाबद्दल. दोघंही पक्षकार. त्याच्याकडे स्मरणिका तरी आहे. मी त्याचंही वाक्य ठेवलं नाही, हे बघ ना."

"पण सर, वाक्यात कर्ताच नाही."

"आहे की. व्याकरण विसरलास का? विहीर खुली झाली. कोण झाली? विहीर. विहीर हाच कर्ता."

ज्या माणसानं मला वाक्य शिकवलं तोच मला वाक्य सांगत होता आणि ते व्याकरणानं बरोबर होतं. घरी आईला सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे विहिरीनं आपलं तोंड आपनच उघडलं म्हनते का तुहा मास्तर?" झोपायच्या आधी म्हणाली, "मानूस चांगला हाये म्हटलं व्हतं मी. घाई केली."

इथं प्रकरण संपलं असतं तर मी सरांना भित्रा म्हणून सोडून दिलं असतं. भित्रेपणाला माफी असते. पण चार महिन्यांनी सरांचाच फोन आला आणि आवाजात उत्साह मावत नव्हता.

"संघपाल, मार्ग सापडला! छापील स्रोत नाही ना? मग आपण तो तयार करू. मी रविवारच्या पुरवणीत लेख लिहितो. पेपरात छापून आलं की ज्ञानकोशाला ते मानावंच लागतं. आईला सांग, मी येतो."

माझ्या मनातला सगळा राग विरघळला. सर या वयात एसटीनं अकोल्याला आले, जठारपेठेत आमच्या घरी दुपारभर बसले. आईनं त्यांच्यासाठी पुरणपोळी नाही पण साधं वरण-पोळी आणि सांबारवडी केली. सरांनी फोनवर तिचं सगळं बोलणं रेकॉर्ड केलं. उभारी, घागर, डावा हात, फौजदार, एकेक गोष्ट दोन-दोनदा विचारून घेतली. आईनं ट्रंकेतून आजीचा एकुलता एक फोटो काढून दिला. त्यात आजीनं उजवा हात पदराखाली लपवला आहे. आई म्हणाली, "फोटोवाल्यानं लय म्हटलं हात काढा, तं काढला नाई. आता तुमी काढा मास्तर." सर म्हणाले, "काढतो."

तो रविवार आला. मी सकाळीच स्टँडवर जाऊन पेपर घेतला आणि तिथंच उघडला. अर्धं पान लेख होता. मोठं शीर्षक, 'वऱ्हाडातील एका विहिरीची विस्मृत कहाणी'. खाली सरांचं नाव. मधोमध फोटो. फोटो सरांचा होता. आसरखेडच्या विहिरीच्या काठावर हात ठेवून, खाली वाकून पाण्याकडे बघत असलेले सर.

लेख सुंदर होता. चैत्रातलं ऊन असं उतरलं होतं की तहान लागावी. आणि त्यात लिहिलं होतं, 'गावातील एका धाडसी दलित महिलेने दोर सोडला. झटापटीत तिच्या मनगटाला दुखापत झाली. पुढे काळ बदलला आणि विहीर सर्वांसाठी खुली झाली.'

एका धाडसी दलित महिलेने. दुखापत झाली. काळ बदलला. लेख दोनदा वाचला, तिसऱ्यांदा फक्त आजीचं नाव शोधत वाचला. आजीचं नाव नव्हतं, नत्थुजीचंही नव्हतं.

मी तिथूनच फोन लावला. सरांना माझा फोन येणार हे माहीत असावं, कारण त्यांनी पहिलं वाक्य तयार ठेवलं होतं. "हे बघ, खुशालरावांना कुठून तरी कळलं. त्यांचा फोन आला होता. आजोबाचं नाव आलं तर कोर्टात खेचीन म्हणाले. संपादक घाबरला. मग मी मध्यममार्ग काढला. त्यांचं नाव काढलं, तेव्हा न्यायानं तुमचंही काढलं. समतोल नको का?"

"सर, एकानं मारलं अन् एकीनं मार खाल्ला. त्यात समतोल कसला?"

"अरे, प्रसंग तर आला ना जगापुढे? नावात काय आहे?"

नावात काय आहे हे ज्याच्या नावाखाली अर्धं पान लेख छापून आला होता तो माणूस मला विचारत होता. मारणाऱ्याचं नाव काढलं म्हणून मार खाणारीचंही काढलं, फिट्टंफाट. मला त्या दिवशी सरांची भयंकर चीड आली. कुलदीप माझा विरोधक होता, त्यानं समोरून हाणलं. सरांनी आईच्या हातची वडी खाऊन हाणलं.

ज्ञानकोशाचं पान त्याच संध्याकाळी बदललं. बदल कुलदीपनं सुचवला आणि दुसऱ्या एका प्रचालकानं, म्हणजे सरांसारखीच कुलपाची किल्ली असलेल्या माणसानं, कुलूप उघडून मान्य केला. आता तिथे असं आहे. 'विहीर सर्वांसाठी खुली झाली. हा विस्मृत इतिहास उत्तमराव गावंडे यांनी उजेडात आणला.' खाली स्रोत, रविवारची पुरवणी. आसरखेडच्या अख्ख्या इतिहासात काही करणारा माणूस एकच आहे, आमचे सर. बाकी सगळं आपोआप झालं आहे.

पुढे अमरावतीत सरांचा सत्कार ठरला. अध्यक्ष खुशालराव. आता त्यांना त्या लेखाचा अभिमान वाटू लागला होता, कारण 'आमच्या गावचा इतिहास' त्यात होता. आईला निमंत्रण होतं, 'त्या महिलेचे कुटुंबीय' म्हणून. मी म्हटलं जायचं नाही. आई म्हणाली, "जाऊ. मले त्याले एक सांगाचं हाये."

सभागृह भरलेलं होतं. शाल झाली, श्रीफळ झालं, भाषणं झाली. मग निवेदिकेनं सांगितलं की त्या धाडसी महिलेचे कुटुंबीय आता सरांना पुष्पगुच्छ देतील. आई पायऱ्या चढून गेली. माइक तिच्या जवळपासही नव्हता. तिनं गुच्छ दिला आणि सरांच्या कानाशी काहीतरी बोलली. सरांनी मान हलवली, हसले, कॅमेऱ्याकडे वळले. आई खाली आली.

बडनेऱ्याला गाडीची वाट बघत बसलो असताना मी विचारलं, "काय म्हटलं त्याईले?"

"म्हटलं, मास्तर, माह्या सासूचं नाव गयाबाई व्हतं."

"मंग?"

"मंग म्हने, हो हो इंदूबाई. झालं ना आता सगळं चांगलं."

त्यानंतर मी ज्ञानकोशावर लिहिणं सोडलं आणि सरांकडे जाणंही. आशाबाईंचा एकदा फोन आला होता. "संघपाल, तू कावून येत नाई रे?" त्यांना काय सांगणार? कप कोणी फोडला हे त्यांना माझ्याआधीपासून माहीत आहे.

आणि आता हा गौरवग्रंथ. संपादक कुलदीप भुयार. निरोप त्याचाच होता. मी हो म्हटलं त्याचं कारण एवढंच की गौरवग्रंथ छापील असतो. सरांनीच शिकवलं, छापून आलं की मानावं लागतं. म्हणून सरांच्या पंच्याहत्तरीच्या ग्रंथात सरांच्या विद्यार्थ्याकडून दोन शुद्ध वाक्यं लिहून देतो. १९३५ साली आसरखेड इथे नत्थुजी भुयार यांनी गयाबाई तायडे यांचं मनगट उभारीनं मोडलं. गयाबाई तायडे यांनी डाव्या हातानं पाणी भरून विहीर सर्वांसाठी खुली करून घेतली. दोन्ही वाक्यांत कर्ता जागेवर आहे. सरांनी तपासून बघावीत.

इथपर्यंतचा लेख मी कुलदीपला पाठवला होता. पुढचं नंतरचं आहे.

आठ दिवसांनी त्याचा मेसेज आला. 'संघपालभाऊ, लेख वाचून डोळे भरून आले. जागेअभावी थोडे बदल झाले आहेत. प्रूफ सोबत.' मी प्रूफ उघडलं. माझ्या फोटोखाली माझं नाव, आणि लेखात 'उजाडलं' होतं, सांबारवडी होती, 'घरी पानीच म्हण' होतं. आशाबाईंचा कप नव्हता. शेवटची ओळ मी लिहिलेलीच नव्हती. 'आसरखेडच्या विहिरीचा वादही सरांच्या हातून सामोपचाराने मिटला.' खाली माझं नाव पुन्हा, ठळक अक्षरात.

सरांना फोन केला. फार दिवसांनी केला.

"सर, माझा मूळ लेख तुम्ही वाचला?"

"वाचला," सर म्हणाले. "भाषा फार चांगली झाली आहे, संघपाल."

त्यांच्या आवाजात कौतुक होतं आणि ते खरं होतं. मला वाटलं सर आणखी काही बोलतील. सरांनी प्रकृती विचारली, पोरांचं विचारलं, आणि 'समारंभाला ये' म्हणून फोन ठेवला. मी कुलदीपला कळवलं की माझ्या नावानं यातलं एक अक्षरही छापायचं नाही. तेवढं त्यानं ऐकलं. एक पान रिकामं झालं, तिथे म्हणे जाहिरात आली.

आई स्वयंपाकघराच्या दारात सूप घेऊन सांबार निवडत बसली होती. लेख पाठवला तेव्हापासून ती रोज विचारत होती, आजही विचारलं.

"आलं का बुढीचं नाव पुस्तकात?"

"नाई आलं, माय."

"कावून? तू तं लेहलं व्हतं."

"लेहलं व्हतं. पन निघालं."

बोललो आणि माझी मलाच लाज वाटली. आईचा हात थांबला.

"निघालं? नाव का दात हाये, आपोआप निघाले? कोनं काढलं?"

"कुलदीप भुयारनं काढलं," मी म्हटलं. "अन् उत्तमराव गावंडे सरानं काढू देल्लं."

"हां," आई म्हणाली. "असं नाव घेऊन सांगत जाय." आणि तिनं पुढची जुडी सोडली.